मास्तरांचा परवाना आणि मास्तरांचं बिऱ्हाड

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय इतिहासाचा आहे, पण तो आमच्यापर्यंत आला वर्तमानातून. गेल्या काही वर्षांत आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी घरी येतं आणि विचारतं, "सर, बी.एड. झालंय, दहा वर्षं शिकवतोय. बायको-मुलांना घेऊन बाहेर जायचं म्हणतोय. इंग्लंड बरं की ऑस्ट्रेलिया?" आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. व्हिसाचा सल्ला देणं हा काही आमचा धंदा नव्हे. पण प्रश्नाला उलट प्रश्न विचारणं, हा मात्र आमचा जन्मभराचा धंदा. म्हणून आम्ही स्वतःलाच विचारलं: या किनाऱ्यावरनं शिकलेला माणूस कुटुंबकबिल्यासह परदेशी गेला, असं यापूर्वी झालंय का? झालं असेल तर तो कोणत्या कागदावर गेला? तिथे त्याला मास्तर म्हणून कुणी ओळखलं का? आणि त्याच्या मुलाबाळांचं पुढे काय झालं?

झालंय, आणि एकदा नाही, अनेकदा झालंय. त्या सगळ्या हकिकतींतून आम्हाला एकच गोष्ट दिसली, ती आधीच सांगून टाकतो. परवाना मिळतो एका माणसाला, आणि परदेशी जातं ते बिऱ्हाड. कोणता रस्ता चांगला होता हे बंदरावर किंवा विमानतळावर कधी कळलं नाही. ते दहा-पंधरा वर्षांनी घरात कळलं.

आधी मास्तर इकडे आले

सुरुवात जरा उलट्या बाजूनं करू. अलिबागचा मास्तर बाहेर जाण्याआधी अलिबागच्या माणसांसाठी मास्तर बाहेरून आले होते.

बेने इस्राएल समाज आपल्याला काही परका नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं बघा: किहीमकर, नवगावकर, थळकर, आवासकर, झिराडकर, चेऊलकर. एसटीच्या थांब्यांची यादी वाचतोय असं वाटावं! भाषा मराठी, राहणी कोकणातली. धर्मातले मुख्य आचार जपलेले, पण हिब्रू मात्र पिढ्यान्‌पिढ्यांत हातातून सुटलेली.

१८२६ च्या सुमारास कोचीनकडचे यहुदी शिक्षक या समाजाला धर्म आणि हिब्रू शिकवायला आले. त्याच काळात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा सुरू होत्या. त्यांत बेने इस्राएल मुलं शिकली आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे पंतोजी म्हणून नेमले गेले. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. बेने इस्राएलांनी अक्षरं घेतली आणि धर्म आपला ठेवला. आमच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की हिब्रू शिकवायची तर ती मराठीतून शिकवावी लागते, हे त्या परक्या पंडिताला कळलं होतं. शिक्षकाकडे विद्या असून भागत नाही, मुलाच्या भाषेत शिरावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं. म्हणजे अक्षरओळख झाली आणि वीसेक वर्षांत समाज आपल्या पायावर उभा राहिला. मग घाणे मागे पडले. कुणी पलटणीत गेलं, कुणी कारकून झालं, कुणी इस्पितळात, कुणी शाळेत. १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकारानं मुंबईत इस्राएलाइट स्कूल निघालं. तेच पुढे सर एली कदुरी हायस्कूल झालं. याच केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, आणि तो छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. लिहिला इथे, छापला तिथे. समाजाची नजर कुठे लागली होती, ते यातून समजतं.

या शाळेच्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन १९०५ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, इंग्लंडला जाऊन शिकल्या आणि परत आल्या. १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं त्यांनी ती शाळा चालवली. त्यांचा रस्ता जाऊन-येऊन होता. बाहेरून काही आणायचं आणि इथल्या वर्गात वाटायचं. शिक्षकाच्या परदेशगमनाची हीसुद्धा एक जुनी तऱ्हा आहे, आणि ती विसरली जाते.

इलाखा न सोडता परदेश

आता एक गंमत बघा. ब्रिटिश अमदानीत अलिबागचा शिकलेला माणूस कराचीला जाऊ शकत होता, एडनला जाऊ शकत होता, आणि तरी तो मुंबई इलाख्यातच असे! सिंध १९३६ पर्यंत आणि एडन १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखाली होतं. एडन म्हणजे अरबस्तानचं टोक. पण शिक्का मुंबईचा, दप्तराची रीत मुंबईची. बेने इस्राएल शिपाई आणि कारकून तिथे बिऱ्हाडं थाटून राहिले. कराचीत तर त्यांनी १८९३ मध्ये स्वतःचं सिनेगॉग बांधलं. तिथल्या सगळ्यांत जुन्या सरकारी शाळेला नाव आहे नारायण जगन्नाथ वैद्य यांचं. सिंधमध्ये शिक्षण खातं उभं करणाऱ्यांपैकी एक हे मराठी गृहस्थ. ती शाळा १८५५ ची, आणि अजून उभी आहे.

हे इतकं सुरळीत का चाललं? कारण दाखला देणारं खातं आणि दाखला मानणारं खातं एकच होतं. मास्तरला आपलं मास्तरपण नव्यानं सिद्ध करावं लागलं नाही. पगार, बढती, पेन्शन एकाच वहीत. बायको-मुलं सोबत न्यायला वेगळी परवानगी नाही. हा रस्ता सोपा होता, पण तो साम्राज्याचा रस्ता होता. सिंधी मुलाला किंवा अरब मुलाला हा मास्तर हवा होता का, हे कुणी विचारलं नाही. साम्राज्य गेलं, तसा रस्ताही गेला. १९४७ नंतर कराचीतल्या मराठी बिऱ्हाडांना गाशा गुंडाळावा लागला.

वंशाचा कागद

मग आला १९५० साल. इस्राएलनं परतीचा कायदा केला. जगातल्या कुठल्याही यहुद्याला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क. यात पदवी विचारली नाही, अनुभव विचारला नाही, वय विचारलं नाही. विचारलं एकच: तुम्ही यहुदी आहात का? आणि सगळं कुटुंब एकदम आत. आज व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही हे स्वप्नच वाटेल.

अलिबाग, पेण, रेवदंडा, मुंबई इथली बिऱ्हाडं निघाली. हाकलून कुणी दिलं नव्हतं, हे बेने इस्राएल माणसं आजही आवर्जून सांगतात. धर्माची ओढ होती, मुलांच्या भवितव्याचा विचार होता, आणि नात्यातले चार जण गेले की पाचवा जातोच. तिथे मिळाली ती वाळवंटातली नवी गावं: बीर शेवा, दिमोना. आणि किनाऱ्याकडे अश्दोद, लोद, रमला.

आता त्या बोटीतून किंवा विमानातून उतरलेला आपला शाळामास्तर डोळ्यांसमोर आणा. त्याचं कौशल्य काय? मोडी वळणदार. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेण्याची हातोटी. लावणीच्या दिवसांत कुठली पोरं शाळेत येणार नाहीत, नारळी पौर्णिमेनंतर कोळीवाड्यातला पट कसा बदलतो, हे त्याला हजेरी न घेता ठाऊक. दिमोनाच्या वाळूत या विद्येची किंमत किती? शून्य. हिब्रू शिकायला उल्पान म्हणून वर्ग होते. पण चाळिशीतला माणूस नव्या भाषेत बाजारहाट शिकेल. त्या भाषेत पोरांना रागावणं, हसवणं, समजावणं वेगळं. शिकलेल्या अनेकांच्या वाट्याला अंगमेहनतीची कामं आली.

१९५१ मध्ये काही बेने इस्राएल कुटुंबांनी ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं. वागणुकीत रंगावरून भेद होतो, आम्हाला परत पाठवा, ही मागणी. आणि १९५२ मध्ये काहींना खरोखरच विमानानं भारतात आणून सोडलं. त्यांतलेही काही जण पुढे पुन्हा तिकडेच जायला निघाले! लोक याला हसतात. आम्हाला हसू येत नाही. घर मोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याचं घर तिथे नसतं. विकलेली वाडी परत मिळत नाही, सोडलेली नोकरी परत मिळत नाही. जाण्याचा रस्ता सरकारानं बांधला होता, परतीचा कुणीच नाही.

आणि खरा दणका बसला आणखी दहा वर्षांनी. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे ज्या प्रश्नाचं 'हो' हे उत्तर घेऊन बापाला देशात घेतलं, तोच प्रश्न मुलीच्या लग्नाच्या वेळी पुन्हा उभा! लोक रस्त्यावर आले, उपोषणं झाली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्राएल हे सर्वार्थानं यहुदीच आहेत असा ठराव केला, मग तो आदेश मागे गेला.

आम्ही म्हटलं ना, रस्त्याची परीक्षा घरात होते. ती ही अशी. पुढच्या पिढीनं मात्र तिथे मूळ धरलं, फौजेत गेली, शिकली, हुद्द्यांवर बसली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. आणि नातवंडं इस्राएल आळीत येऊन सिनेगॉगपुढे फोटो काढतात, तेव्हा आजीचं मराठी त्यांच्या तोंडून चार शब्दांपुरतं येतं.

कौशल्याचा कागद

दुसरा मोठा रस्ता इंग्लंडचा. १९६२ मध्ये तिथे कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्यातून कामाची व्हाउचरं निघाली, तीन वर्गांची. 'अ' वर्ग नोकरी हातात असलेल्यांचा. 'ब' वर्ग डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, विज्ञानाचे पदवीधर अशांचा. आणि 'क' वर्ग बिनकसबी कामगारांचा. 'क' वर्ग तीन वर्षांत बंद पडला. १९६५ मध्ये वर्षाची एकूण मर्यादा ८,५०० वर आणली. म्हणजे त्यानंतर भारतीय माणसाला आत जायचं तर शिकलेलं असणं भाग होतं. इकडे आपलं सरकार पासपोर्ट देताना हात आखडता घेई. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा कुठे पासपोर्टचा कायदा झाला. त्याआधी पासपोर्ट ही मेहेरबानी होती.

तर, भारतातून पदवीधर शिक्षक 'ब' व्हाउचरवर गेले. सोबत बायको आणि सोळा वर्षांखालची मुलं न्यायला मुभा होती. कागदावर उत्तम रस्ता. पण व्हाउचर देणारं खातं एक आणि वर्गात उभं करणारं खातं दुसरं. शाळा म्हणत: तुमचे उच्चार मुलांना कळणार नाहीत, तुमचं प्रशिक्षण आमच्या पद्धतीचं नाही. कित्येक एम.ए., बी.टी. झालेले मास्तर कारखान्यात आणि बसवर कंडक्टर म्हणून लागले. काहींनी पुन्हा प्रशिक्षण घेऊन शाळा गाठली, पण तोवर उमेदीची वर्षं गेली.

इथे आम्ही आमच्या विषयातलं थोडं बोलतो, कंटाळू नका. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये एक भेद मांडला: काही 'माहीत असणं' वेगळं आणि काही 'करता येणं' वेगळं. पोहण्याचे नियम पाठ असणारा बुडू शकतो, हे समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको. आता बघा, सरकारला मोजता येतं ते 'माहीत असणं'. पदवी, गुण, वर्षं. आणि शिक्षकाचा सारा धंदा 'करता येणं' या बाजूचा. इंजिनिअरचा पूल कुठल्याही देशात त्याच नियमानं उभा राहतो. मास्तरचं कसब मात्र ज्या मुलांपुढे तो उभा राहिला त्यांच्या भाषेला, सणांना, भुकेला चिकटलेलं असतं. म्हणून कुशल मनुष्यबळाच्या यादीत शिक्षक हा सगळ्यांत अवघड जिन्नस आहे. त्याला कुशल म्हणून आत घ्यायचं आणि मग त्याचं कौशल्य इथलं नाही म्हणून बाजूला बसवायचं, हे साठ वर्षांपूर्वी झालं, आणि आजही होतं.

त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९६७ ला, कॅनडानं गुणांची पद्धत आणली. शंभरपैकी पन्नास मिळाले की पास. शिक्षणाला वीस, भाषेला दहा, वयाला दहा, असं. गोरा-काळा हा प्रश्न कागदावरून गेला, ही मोठी गोष्ट झाली, ती नाकारू नये. पण तिथेही शिकवण्याचा परवाना देणारे प्रांत वेगळे होते आणि आहेत. देशात घेतलं म्हणजे शाळेत घेतलं असं नव्हे.

पाहुणा आणि घरचा

आपल्या रायगडच्या दक्षिणेला, मुरूड-श्रीवर्धन-म्हसळ्याकडे, बाहेर जाण्याची परंपरा जुनी. तिथली कोकणी मुस्लिम माणसं दर्यावर्दी, दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेलेली, आणि तेलाच्या दिवसांत कुवेत, बहरीन, सौदीला. त्यांच्या पाठोपाठ भारतीय शाळा तिकडे निघाल्या आणि शाळांबरोबर मास्तर-बाई गेल्या.

आता शिक्षकाच्या दृष्टीनं आखात हा फार सरळ रस्ता आहे. अभ्यासक्रम सीबीएसईचा, मुलं आपल्याकडची, बी.एड. जसंच्या तसं चालतं. मास्तर पहिल्या दिवसापासून मास्तरच राहतो. इस्राएल आणि इंग्लंडमध्ये जे नाही मिळालं ते इथे मिळतं. मग अडतं कुठे? कुटुंबाचं राहणं एका नोकरीच्या कागदाला टांगलेलं. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर कुटुंबाचा व्हिसा. नोकरी गेली की सगळ्यांचा मुक्काम संपला. तिथेच जन्मलेलं मूलही नागरिक होत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानच्या वाटेनं विमानानं परत आणले गेले. वीस वर्षांचा संसार एका पिशवीत. मुलांचं वर्ष अर्धवट. बँकेत काय होतं ते देव जाणे.

कांटनं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला त्यात तो म्हणतो की परक्या माणसाला कुठल्याही भूमीवर भेट देण्याचा हक्क आहे, त्याला शत्रूसारखं वागवता येणार नाही. पण घरातला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क वेगळा, त्याला यजमानाशी करार लागतो. आखातातला आपला शिक्षक तीस वर्षं भेटीवरच असतो. हे वाईट, असं आम्ही म्हणत नाही. कित्येकांनी त्या पगारावर इथे घरं बांधली, बहिणींची लग्नं केली, मुलांना इंजिनिअर केलं. फक्त आपण भेटीवर आहोत हे ज्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं, त्यांचं निभावलं.

आजचे रस्ते

आता आजचं. आमचे विद्यार्थी बाहेर का जायला बघतात, यावर आधी दोन शब्द. आपल्याकडे नोकरीला लागणारा तरुण आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन १ जानेवारी २०२३ पासून वाढलं, तेव्हा प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झालं. त्याआधी ते ६,००० आणि ८,००० होतं! विनाअनुदानित शाळेतली गोष्ट तर काढूच नका. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. अशा माणसाला 'देशप्रेम' शिकवायला आम्ही धजत नाही.

इंग्लंडनं फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना तिथला अधिकृत शिक्षक-दर्जा थेट मागण्याची सोय केली. फी नाही. साठ वर्षांपूर्वीच्या 'ब' व्हाउचरमध्ये जी फट होती ती बुजवण्याचा हा प्रयत्न आहे, याचं श्रेय द्यावं लागेल. पण अट वाचा: भारतातल्यांसाठी गणित, विज्ञान आणि त्यांना हव्या त्या भाषा, तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असेल तरच. म्हणजे एकाच शिक्षक-खोलीत बसणाऱ्या विज्ञानाच्या सरांना दार उघडं, आणि इतिहासाच्या बाईंना किंवा डी.एड. करून पहिलीला शिकवणाऱ्या गुरुजींना बंद. दर्जा मिळाला तरी नोकरी देणारी शाळा वेगळी शोधायची. ती गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी.

कुटुंब नेता येतं. पण आरोग्यसेवेचा अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड असा २०२४ पासून आहे. नवरा, बायको, दोन मुलं, पाच वर्षं: १८,११० पौंड, आणि ते आगाऊ. आपल्या पैशात वीस लाखांच्या आसपास. माध्यमिक शिक्षणसेवकाचं नऊ वर्षांहून अधिकचं मानधन! कायमचं राहण्यासाठी पाच वर्षांची अट होती. ती सर्वसाधारणपणे दहा करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारनं २०२५ मध्ये मांडला. म्हणजे परीक्षेला बसल्यावर अभ्यासक्रम बदलू शकतो.

ऑस्ट्रेलियाचं उलट. तिथे आधी शिक्षक म्हणून पारख होते, मग व्हिसा. चार वर्षांचं पूर्णवेळ उच्चशिक्षण, त्यात किमान वर्षभराचं अध्यापनाचं प्रशिक्षण, ४५ दिवसांचा देखरेखीखालचा पाठ-सराव. आणि आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनात ७, श्रवण-संभाषणात ८ गुण. संभाषणाला जास्त गुण मागतात, हे आम्हाला शहाणपणाचं वाटतं. वर्ग बोलण्यावर चालतो, हे त्यांनी ओळखलंय. मराठी माध्यमातून शिकलेल्या आमच्या मुलांना तो ८ चा आकडा म्हणजे बोरघाटच. पण तो चढला की कायम वास्तव्याचा व्हिसा कुटुंबाला एकदमच मिळतो, आणि जोडीदाराचं शिक्षण चांगलं असेल तर त्याचेही गुण धरतात. पंचेचाळिशीच्या आत अर्ज हवा.

कॅनडानं २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राला निवडीचा वेगळा गट दिला, पण शाळेचा परवाना अजून प्रांताकडेच. अमेरिकेतला शिक्षक-विनिमयाचा रस्ता काही वर्षांपुरता आहे, शिकून परत या असा त्याचा भाव. जर्मनीत शिक्षकाला दोन विषय आणि अगदी वरच्या पातळीचं जर्मन लागतं. गंमत म्हणजे २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्स आहेत, वायरमन आहेत, प्लंबर आहेत. त्यांना तयार करण्याच्या कामात आपलं शालेय शिक्षण खातं होतं. म्हणजे मास्तरनं जर्मन शिकवायचं, आणि जायचं दुसऱ्यानं!

हे नियम दर वर्षी हलतात. आमच्या बोलण्यावर विसंबून कुणी तिकीट काढू नका. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, आणि पैसे मागणाऱ्या एजंटच्या तोंडून कळलेली कुठलीही गोष्ट तिथे ताडून बघा.

तीन प्रश्न

तर येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही देश सुचवत नाही. आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे तिन्ही प्रश्न आम्हाला इतिहासानं दिले आहेत.

पहिला प्रश्न 'ब' व्हाउचरवाल्यांनी शिकवला. तिथे मला देशात घेणारा आणि वर्गात घेणारा एकच आहे का? नसेल तर मधली वर्षं मी काय काम करीन, आणि ते काम मला मान्य आहे का? दुकानात उभं राहण्यात कमीपणा नाही. पण ते दोन वर्षांसाठी आहे की जन्मासाठी, हे घरात आधी बोललेलं असावं.

दुसरा प्रश्न कुवेतच्या लोकांनी शिकवला. माझी बायको, माझी मुलं तिथे कुणाच्या नावावर राहतील? त्यांच्या स्वतःच्या, की माझ्या नोकरीच्या? बायकोही शिक्षिका असते बहुतेक वेळा. तिच्या बी.एड.चं काय होणार हे अर्जात कुणी विचारत नाही, म्हणून नवऱ्यानंही विचारू नये असं थोडंच आहे? दोघांचे कागद घेऊन बसा. कधी कधी असं दिसतं की बाईंचा विषय गणित आहे आणि सरांचा मराठी. मग मुख्य अर्जदार कोण व्हायला हवं? हा प्रश्न विचारला की घरात जी शांतता पसरते तीच आमच्या मते खरी पात्रता परीक्षा.

तिसरा प्रश्न बीर शेव्यातून परत आलेल्यांनी शिकवला. परत यावं लागलं तर कुठे येणार? सरकारी सेवेत असाल तर राजीनामा फेकण्याआधी बिनपगारी रजेचा नियम वाचा. सेवापुस्तकाची, दाखल्यांची प्रमाणित प्रत घ्या. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या करारात आहे, मंत्रालयातून आणि परराष्ट्र खात्यातून कागद पक्के करून घेता येतात. ते इथे असताना होतं, तिथून करायला गेलात तर नाकी नऊ येतात. राहतं घर विकू नका. परतीचं दार उघडं ठेवणं म्हणजे भित्रेपणा, असं तरुणांना वाटतं. १९५२ साली सांताक्रूझला उतरून ज्यांनी चुलत्याच्या पडवीत पथारी टाकली, त्यांना विचारायला हवं होतं.

आणि शेवटी मागे राहणाऱ्या शाळेबद्दल. एक विज्ञान शिक्षक गेला की तालुक्याच्या शाळेत ती जागा वर्षानुवर्षं भरत नाही. आठवी-नववीच्या मुलांना चित्रावरून प्रयोग शिकावे लागतात. बाहेरच्या देशांनी नेमके गणित-विज्ञानाचेच शिक्षक मागितले, याचा अर्थ त्यांच्याकडेही तेच नाहीत. तेव्हा ओढाताण आहे ती त्यांच्या मुलांची आणि आपल्या मुलांची. याचं ओझं जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर टाकणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. ज्या राज्यानं त्याला आठ हजारांत राबवलं त्यानं आधी उत्तर द्यावं. पण जाणाऱ्यानंही हे ओझं आहेच हे नाकारू नये. कोचीनहून आलेल्या त्या मास्तरांनीही कुठला तरी वर्ग मागे सोडला असेल, आणि त्यांच्या येण्यानं इथली एक जमात वाचायला शिकली. मास्तर जातो तेव्हा एक वर्ग रिकामा होतो आणि कधी कधी दुसरा भरतो. तो भरतो का, हे पाहणं आपल्या हातात आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. कोणता देश बरा, एवढं सोडून.